अठ्ठेचाळीस मिलिमीटर

रेनॉ चारला जन्मतः एक खोड असते:
उजवीकडची दोन चाकं एकमेकांपासून जरा लांब,
डावीकडची जरा जवळ.
फरक अठ्ठेचाळीस मिलिमीटर.
कारखान्यानंच तशी घडवली, कुणाची चूक नाही.
गिऱ्हाइकांना सांगितलं की हसतात,
मग वाकून बघतात,
मग गप्प होतात.

नेरिस प्यूची गाडी मंगळवारी ओढून आणली
तेकाच्या अलीकडून, जिथे वारा आडवा लागतो.
ग्वानाको धडकला, म्हणाली.
थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली,
नाही, मी धडकले.

बॉनेट छताकडे दुमडलेलं,
रेडिएटर इंजिनच्या मांडीवर बसलेला,
काच मात्र शाबूत. मला पटेना, दोनदा हात फिरवला.
मागे मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या, एकीचंही झाकण हललेलं नाही.
बिजागऱ्यांना मेण. सीटला तीस वर्षांचा धूर.

मी फरशीवर खडूनं चार बिंदू काढले,
दोरी ताणली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.
चौकट किती सरकली ते बघायचं होतं.
पण आधी जन्माचं वाकडेपण वजा करावं लागतं,
मग उरतं ते अपघाताचं.
उरले एकतीस.
अंगठ्याच्या वरच्या पेराएवढे.
एवढ्यासाठी लोक गाडी भंगारात देतात
आणि बरोबरच करतात.

विम्याचा माणूस ट्रेलेवहून आला, बूट स्वच्छ.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
असं काहीसं सभ्य शब्दांत म्हणाला.
या खर्चात अशा दोन येतील, बाई.
नेरिसनं विचारलं, त्यांचा हीटर चालेल?
चालेल की.
हिचा कधीच चालला नाही, ती म्हणाली,
आणि ते तक्रार होती की कौतुक
हे त्याला लिहून घेता आलं नाही.

मागच्या आवारात माझी एक पांढरी उभी आहे,
मागून जळलेली, पुढून कोरी.
कापून जोडता येतं. दोनदा केलंय मी.
दोन्ही गाड्या अजून धावतात,
पण समोरून आल्या की हात कुणाला करायचा
ते मला पटकन उमगत नाही.

"पिल्लू होतं बरोबर," नेरिस म्हणाली. एकदम, कशाचा संबंध नसताना.
"कुंपणाच्या तारेपाशी उभं. तासभर.
मी हॉर्न वाजवला, जावं म्हणून.
हॉर्न चालत होता, हेराल्दो. बाकी काही नाही, हॉर्न चालत होता."

मी पाना पुसत राहिलो. पुसण्यासारखा नव्हता तो.

मग तिनं विचारलंच: तुझी असती तर?
मी खरं सांगितलं.
माझ्या मुलीला हिच्यात बसवलं नसतं,
अपघाताच्या आधीसुद्धा.
ती हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा असावी.
"बहिणीला मीही कधी बसवलं नाही," म्हणाली,
आणि दोरी माझ्या हातातून घेऊन
स्वतः गुडघ्यांवर बसली.

तिचे तेहेतीस आले.
माझे पुन्हा एकतीस.
रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड होता, डिसेंबरात असतो इथे.
तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा आकडा कुणीच मोठ्यानं वाचला नाही.

शनिवारपर्यंत पोळी फुलांकडे न्यायची होती,
माश्या माणसांच्या निर्णयासाठी थांबत नाहीत.
माझी पिकअप घे, म्हटलं.
फाटकातून बाहेर पडताना मी पाहिलं:
तिचा उजवा हात डॅशबोर्डकडे गेला,
जिथे तिच्या गाडीचा गिअर छत्रीच्या मुठीसारखा बाहेर आलेला असतो,
आणि हवा धरून
मागे आला.

खडूचे बिंदू मी पुसले नाहीत.
तिनं अजून काही ठरवलेलं नाही.
कटर कुठे ठेवलाय
तेवढं मात्र त्याच रात्री शोधून ठेवलं.